गाडी डावीकडं ओढते

आप्पा गेले तो वडवणीच्या बाजाराचा दिवस होता. सकाळी त्यांनी चहा घेतला, ओट्यावर बसून ताडपत्रीची दोरी गुंडाळत होते, आणि बसल्या जागी कलंडले. दादाने त्यांना आमच्याच ट्रकमध्ये घालून बीडला नेले. दुपारी त्याच ट्रकमधून परत आणले. जाताना आणि येताना ट्रक दादानेच चालवला.

मी तेव्हा बीडला वसतिगृहात राहून सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. मला घ्यायला ट्रकच आला होता, कॉलेजच्या फाटकाशी. दादा खाली उतरला नाही. त्याने फक्त दार उघडले. मी वर चढले आणि मागे वळून हौद्यात पाहिले. त्यानंतरचे काही दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतात ती शेजारणींनी झाकून आणलेली पिठलं-भाकरीची ताटे आणि घरात फोडणीचा आवाज नसणे. आमच्या घरात फोडणी म्हणजे घड्याळ होते. आप्पा फेरीवरून परतताना नाल्याच्या वळणावर हॉर्नचे दोन तुटक आवाज देत. ते ऐकले की आई तवा टाके, आणि ट्रक दारात उभा राहून इंजिन बंद होईपर्यंत येसराच्या आमटीचा वास ओसरीवर आलेला असे. लसूण, तेल आणि डिझेल या तिन्हींचा मिळून जो वास होतो, तो माझ्या लेखी घराचा वास आहे. माझे यजमान हयात असताना या गोष्टीला हसायचे. डिझेल कशात येतं गं, म्हणायचे. आमच्यात यायचं.

तेराव्यानंतर ट्रक पुन्हा रस्त्यावर काढायचा असे ठरले. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आप्पांच्या शेजारी बसून तो शिकलेला होता आणि लायसन्सही होते, पण आप्पा असेपर्यंत घाटात स्टिअरिंग कधी त्याच्या हातात आलेले नव्हते. हंगाम तोंडावर होता. त्याने ट्रक बीडला नेऊन ग्रीस-ऑइल केले, टायर फिरवून घेतले. टायर फिरवणे म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे घालायचे, म्हणजे सगळे सारखे झिजतात. आप्पा दर हंगामाआधी हे करत, त्यात नवीन काही नव्हते. त्या रात्री ट्रक दारात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दादा रिकामी गाडी घेऊन तेलगावच्या बाजूला गेला आणि परत आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"गाडी डावीकडं ओढायलीय," तो आईला म्हणाला.

आई ज्वारी निवडत होती. तिने हात थांबवला आणि पुन्हा चालू केला. "दाखव मिस्त्रीला," एवढेच म्हणाली.

हनमंत मिस्त्रीची टपरी वडवणीच्या स्टँडपासून थोडी पुढे होती. तो तोंडाचा फार सैल, आणि तोंडात पान असले तरी बोलणे थांबत नसे. त्याने लोखंडी टामी घेऊन एकेका टायरवर ठोका मारला. हवा बरोबर आहे की कमी, ते आवाजावरून ओळखायची ती पद्धत. ठण, ठण, ठण, सगळीकडे सारखेच. मग तो पुढच्या चाकांकडे आला आणि उजव्या टायरवर थाप मारून म्हणाला, "पुढं नवा टायर टाकला, लई झ्याक केलं. पुढचा टायर म्हंजी जीव हाय गाडीचा." मग गाडीखाली शिरला. टायरॉड पाहिला, कमानीचे पाटे पाहिले, बोल्ट आवळले, दोरी लावून चाकांची सरळ रेषा पाहिली. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर ग्रीसचा टिळा होता. "काहीच न्हाई. गाडी ठणठणीत हाय," तो म्हणाला. दादाने गाडी काढली. ती डावीकडे ओढत होती.

मिस्त्रीने ती तीन-चार वेळा पाहिली. दर वेळी काहीतरी बदलायचे, काहीतरी आवळायचे, आणि गाडी पुन्हा तशीच. सरळ रस्त्यावर हात ढिला केला की ती हळूहळू, कुणीतरी पदर धरून ओढावा तशी, डाव्या कडेला जायची. दादा ट्रिपा घेईना. गावात बोलणे सुरू झाले. मेलेल्या माणसाला वाहून आणलेली गाडी, तिला आता ओढ लागली आहे, असे बायका पाणवठ्यावर बोलत. पुरुष वेगळे बोलत. आमचे चुलते बापू एके सकाळी आले, ओट्यावर बसले, तंबाखू मळत दादाला म्हणाले, "गाडीत काय न्हाई बे. मिस्त्री सांगायलाय की गाडी ठणठणीत हाय. तुझा हात लटपटतोय."

बापूंना राग होता असे नाही. ते भावाच्या मरणाने आतून हादरले होते, आणि आता पुतण्याला घाटात पाठवायची त्यांची छाती होत नव्हती. पण ते हे असे म्हणू शकत नव्हते, म्हणून तसे म्हणाले. मग आवाज उतरवून आईला म्हणाले, "वहिनी, बीडचा एक जण गाडी बगतोय. चांगला माणूस हाय. अमावस्येपस्तोर बगू. तवर गाडी सरळ चालली तर ऱ्हाऊ द्या घरात. न्हाई चालली तर घेऊन जाईल तो. पोराच्या जिवाशी खेळ नगं."

आई पदर सावरून म्हणाली, "बरं."

मला तो "बरं" सहन झाला नाही. आप्पांचे कपडे तेव्हाच वाटून झाले होते. त्यांची काठी बापूंनी नेली होती. आता नाल्याच्या वळणावरून येणारा आवाजही जाणार होता. मी घरात जाऊन माझी पेटी उघडली. मला कॉलेजला परत जायचे होते, त्यासाठी आणलेली पुस्तके वरच होती. भौतिकशास्त्राचे पुस्तक काढून मी उगाच चाळले. त्यात ट्रकबद्दल काही नव्हते. पण प्रयोगशाळेत आमच्या बाईंनी एक गोष्ट पक्की शिकवली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झाले ते पाहायचे. मिस्त्री एका वेळी चार गोष्टी बदलत होता. मी ठरवले की अमावस्येच्या आत ही गाडी का ओढते ते आपण शोधायचे. सांगितले मात्र कुणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला म्हणाले, "चल, मला शेजारी बसव."

"तू काय करणारेस?"

"बघणार."

"गाडी बघून सरळ होत आसती तर मिस्त्रीनी कवाच केली आसती," तो म्हणाला, पण त्याने दार उघडले.

आप्पांच्या ट्रकमध्ये मी लहानपणापासून बसत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी दादाच्या हातांकडे पाहिले. ते लटपटत नव्हते. ते स्टिअरिंगला घट्ट धरून होते, उजवीकडे थोडे ताणलेले, बोटांची पेरे पांढरी पडलेली. माणसाचा हात चुकत असला तर गाडी कधी इकडे कधी तिकडे जाईल. ही एकाच बाजूला जात होती, आणि दादा सगळा वेळ तिला परत आणत होता. मी म्हणाले, "दादा, तुझा हात बरोबर आहे." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. समोर बघतच म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं." पण गिअर टाकताना त्याचे खांदे खाली आले होते.

रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून गाडी डावीकडे जात असेल, हे आधी काढून टाकायचे होते. गावाबाहेर गायरानात एक सपाट माळ होता, तिथे आम्ही गाडी नेली. पूर्वेकडे चालवली, मग वळवून पश्चिमेकडे चालवली. दोन्हीकडे डावीकडेच. रस्ता सुटला. मग ब्रेक. एका चाकाचा ब्रेक चिकटून राहिला तर ते चाक अडते आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते, हे मिस्त्रीनेच सांगितले होते. आम्ही ब्रेक न लावता गाडी बरीच पळवली आणि ती आपोआप थांबल्याबरोबर मी खाली उतरून पुढच्या दोन्ही ड्रमांवर तांब्यातले पाणी शिंपडले. चिकटलेला असता तर चर्र झाले असते. दोन्हीकडे पाणी नुसते ओघळले. दोन गुराखी पोरे आमच्याकडे बघत उभी होती. "ताई गाडीला आंघोळ घालायली," एक म्हणाला. दादा पहिल्यांदा हसला. तेरा दिवसांत आणि नंतरच्या त्या आठवड्यांत मी त्याला हसताना पाहिले नव्हते.

आता बीडला चाकांची रेघ कॉम्प्युटरवर बघतात. चाकांना आरसे लावतात, पडद्यावर आकडे उमटतात. माझ्या भाच्याने गाडी तशी करून घेतली तेव्हा मी काचेच्या पलीकडे खुर्चीवर बसून पाहत होते आणि मला माळ आठवत होता, तांब्या आठवत होता.

तिसरी गोष्ट टायर. मी दादाला म्हणाले, पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घालून बघू. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. दुसरे काही हलवायचे नाही. दादाने पायाने एक ढेकूळ फोडले. मग म्हणाला, "टायरात काय न्हाई."

"बघायला काय जातं?"

"टायरात काय न्हाई म्हणतोय ना."

त्याचा आवाज चढला होता. त्याला असे चिडायची सवय नव्हती. मी म्हणाले, "मग मिस्त्रीकडं जाऊ, तो करेल," आणि चालू लागले. मागून त्याने हाक मारली नाही, पण गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

हनमंत मिस्त्री आधी हसला. "बाय, कॉलेजात मिस्त्रीकाम शिकवायलेत का आता?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने जॅक आणला. उजवे चाक निघाले, ढकलत बाजूला नेताना त्याच्या हातून सुटले आणि जमिनीवर आडवे पडले. आतली बाजू वर आली. टायरच्या अंगावर तापल्या सळीने दिलेला डाग होता. आप्पा आपले टायर चोरीला जाऊ नयेत म्हणून ते विकत घेतल्या दिवशी घरी चुलीत सळई तापवून त्यावर खूण करत. वर्तुळ आणि त्यात एक आडवी रेघ. तो डाग मी ओळखला, कारण हा टायर आणला तेव्हा मी सुट्टीला घरी होते आणि सळई मीच चुलीत धरली होती. आप्पांनी विकत घेतलेला तो शेवटचा टायर. आप्पांनी तो मागच्या चाकांत, त्याच्या जोडीच्या टायरशेजारी घातला होता.

मी दादाकडे पाहिले. तो रस्त्याकडे पाहत होता.

चाके अदलाबदल झाली. दादाने गाडी काढली, मी आणि मिस्त्री मागे हौद्यात उभे. स्टँडच्या पुढे सरळ रस्ता लागला आणि गाडी उजवीकडे ओढू लागली.

मिस्त्री हौद्याच्या फळीला धरून ओरडला, "आयला! बाजू बदलली की हिनं!"

आता बाकी काही शोधायचे राहिले नव्हते. टपरीवर येऊन मी एक दावे घेतले आणि पुढच्या दोन्ही टायरांना आळीपाळीने गुंडाळून गाठ मारून पाहिले. नव्या टायरला दावे चार बोटे जास्त लागले. डोळ्याला तो फरक दिसत नाही. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जाते, छोटे कमी. दोन्ही एका आसावर असली की गाडी छोट्याच्या बाजूला वळत राहणार. बैलगाडीला एक चाक मोठे आणि एक लहान घातले तर ती गोल गोल फिरेल, तसेच. मिस्त्रीने दावे हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजले, पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाला, "आन् मी यालाच झ्याक म्हणालतो. बीडवाल्यानी कामून आसं बसवलं बे?" हे तो दादाला विचारत होता.

"त्यांनी न्हाई," दादा म्हणाला. "मी बसवलाय."

परत येताना त्याने मला सगळे सांगितले. बीडहून टायर फिरवून आणले त्या संध्याकाळी आईने गाडीभोवती चक्कर मारली होती. आमच्याकडे दर अमावस्येला गाडीची पूजा होते. नारळ, लिंबू, आणि पुढच्या दोन चाकांना हळद-कुंकू. पुढच्याच, मागच्यांना नाही. आईला आप्पांचा टायर दिसला नाही. तो फिरवल्यावरही मागेच, आतल्या अंगाला, दुसऱ्या टायरच्या आड होता. तिथे तिचा हातही पोचत नव्हता. ती दादाला म्हणाली, तेवढा एक पुढं घे, त्यांच्या बाजूला. त्यांची बाजू म्हणजे स्टिअरिंगची, उजवी. अंधार पडायच्या आत दादाने एकट्याने जॅक लावून ते केले. कुणाला सांगितले नाही. यात लपवण्यासारखे काही आहे असेही त्याला वाटले नव्हते. एवढा चांगला टायर पुढे आला तर नुकसान कसे होईल?

"मग आज टायरात काही नाही असं का म्हणत होतास?"

"आप्पाचा टायर हाय तो," दादा म्हणाला. एवढेच उत्तर होते त्याच्याकडे, आणि मला ते कळले. गाडीत दोष निघाला तरी चालेल, हातात निघाला तरी चालेल, पण तिथे निघायला नको, म्हणून तो इतके दिवस स्वतःचा हात खोटा मानत होता.

आईला सांगायचे काम माझ्याकडे आले. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि जेवढे सोपे करता येईल तेवढे सोपे करून सांगितले. चाके, दावे, चार बोटे. ती ऐकत काम करत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले, उलटली. मला वाटले ती रडेल. ती म्हणाली, "म्हंजी मीच पोराला दरीत ढकलत होते व्हय."

"असं नाही गं आई."

"आसंच हाय." भाकरी फुगली. ती काढून तिने चुलीच्या कडेला उभी केली. "मागं कुटं बसतंय ते चाक?"

"मागं आत. दोन्हीत आतलं."

"वजं कुटं आसतंय गाडीचं?"

"मागंच की. भरलेल्या गाडीचं सगळं मागच्या चाकांवर."

तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. "मंग तितंच बरे हायेत ते. पुढं बसून काय करायलेत," ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. आप्पांबद्दल ती वर्तमानकाळात बोलली, हे माझ्या लक्षात आले. तिच्या आले नसावे.

टायर होते तिथे गेले. बापूंचा मात्र विश्वास बसेना. चार बोटांनी काय होतंय, म्हणाले. शेवटी अमावस्येच्या आदल्या दिवशी दादाने धारूरहून सरकीची पोती आणायची ट्रिप घेतली आणि बापू स्वतः गाडीत बसले. मीही बसले. दादा नको म्हणाला, बापू नको म्हणाले, आई म्हणाली, "जाऊ द्या तिला. तिनीच शोधलंय, तिला बगू द्या." डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली. वर जाताना बापू सारखे बोलत होते, पोत्याचा भाव, कुणाची सोयरीक, कुणाची म्हैस. भरून उतरायला लागलो तसे त्यांचे बोलणे थांबले. धारूरच्या घाटात उतरताना एके ठिकाणी दरी डाव्या हाताला येते. कठडा तेव्हा नव्हता, चुना फासलेले दगड होते. बापूंनी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मी दादाच्या हातांकडे पाहत होते. त्याची पेरे पांढरी नव्हती. वळणाआधीच्या सरळ पट्ट्यात त्याने दोन्ही तळवे स्टिअरिंगवरून उचलले, बोटभर, आणि तसेच धरले. गाडी दगडांच्या रांगेला समांतर चालत राहिली.

"बे! हात ठिव!" बापू ओरडले.

दादाने हात ठेवले आणि वळण घेतले. खाली सपाटीला लागल्यावर बापूंनी दांडी सोडली, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "डबा काढ गं सुमन. भुका लागल्यात." बीडच्या माणसाचे नाव त्यांनी त्यानंतर काढले नाही.

आप्पा गेल्यापासून दादाने नाल्याच्या वळणावर कधी हॉर्न वाजवला नव्हता. त्या दिवशी वाजवला. दोन तुटक नाही, एकच, लांब. आम्ही दारात पोचलो तेव्हा तवा चुलीवर होता.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आईने पुढच्या चाकांना हळद-कुंकू लावले, आणि मग ताट घेऊन मागे गेली, वाकून, हात पुरत नव्हता तर एका काडीच्या टोकाला कुंकू घेऊन आतल्या टायरला लावले. बघणाऱ्या बायका हसल्या. पुढे ती दर अमावस्येला तसेच करत राहिली, नंतर टायर बदलले तरीही. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजला परत गेले. शिकले, बीडलाच शाळेत विज्ञान शिकवले, निवृत्त झाले.

तो ट्रक दादाने पुष्कळ वर्षे चालवला आणि मग मोडीत घातला. बापू गेले, आई गेली. दादा या हिवाळ्यात गेला. आप्पांचा तो टायर पार झिजून गुळगुळीत झाला तेव्हा आईने विकू दिला नव्हता. गोठ्यावरचे पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर वजन लागते, तिथे दादाने तो चढवून ठेवला होता. आता गोठ्यात जनावर नाही. उन्हाने टायरला भेगा पडल्या आहेत, डाग दिसत नाही. तो पत्र्यावर आहे.